दोन मुलींच्या नावाचा कायदा



कायद्याच्या पुस्तकात माणसांची नावे सहसा सापडत नाहीत. कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो, 'सदर इसम' म्हणतो. परंतु ७ जुलै १९४८ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने असा एक कायदा मंजूर केला, की ज्याच्या मथळ्यातच दोन मुलींची नावे होती. एक इदिल बिरेत आणि दुसरी सुना कान. कायद्याचा क्रमांक ५२४५. मतलब एवढाच, की या दोन मुलींना संगीताच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवावे आणि त्याचा खर्च सरकारने करावा. सुना अकरा वर्षांची होती, व्हायोलिन वाजवायची. इदिल पियानो वाजवायची, आणि तिला सातवे वर्ष पुरे व्हायला अजून चार महिने अवकाश होता.

सहा वर्षांच्या पोरीसाठी संसद बसते, हात वर होतात आणि तिचे नाव सरकारी दप्तरात कायम होते. ऐकायला गोष्ट छान वाटते. पण घराचा महिना भागविताना नाकी नऊ येणाऱ्या माणसाला त्यातून दोन प्रश्न पडतात. देशात पैसा उतू जात होता काय? आणि गावोगावच्या बाकीच्या पोरांचे काय? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आजच्या सदरात इदिल बिरेत यांची हकीकत सांगायची आहे ती हे प्रश्न बाजूला न सारता.

आधी त्या काळचा तुर्कस्तान समजून घेऊ. सुलतानांची राजवट संपून १९२३ साली तेथे प्रजासत्ताक आले. मुस्तफा केमाल आतातुर्क यांनी लिपी बदलली, कायदे बदलले. राजधानी अंकारा येथे १९३६ साली सरकारी संगीत विद्यालय उघडले आणि त्याच्या उभारणीत सल्ला द्यायला पॉल हिंडेमिथ हे जर्मन संगीतकार आले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. तुर्कस्तान अगदी अखेरपर्यंत लढाईबाहेर राहिला, पण सैन्य सज्ज ठेवण्याचा भार पडलाच. पाव रेशनवर मिळू लागला. त्याच दिवसांत, २१ नोव्हेंबर १९४१ रोजी, अंकारात इदिलचा जन्म झाला.

तिच्या घरी पियानो होता. आपल्यापैकी पुष्कळांनी हे वाद्य सिनेमातच पाहिले असेल, म्हणून थोडे सांगतो. आपली पेटी भात्याच्या हवेवर वाजते. पियानोत हवेचे काम नाही. पट्टी दाबली की आतली लोकर मढवलेली छोटी हातोडी पोलादी तारेवर आपटते आणि मागे येते. पांढऱ्या ५२ आणि काळ्या ३६ मिळून ८८ पट्ट्या, आत दोनशेच्या वर तारा. जोरात दाबले तर गर्जना, हळू दाबले तर कुजबुज. पेटीवर आपला डावा हात भात्याला गुंतलेला असतो. येथे दहाही बोटे मोकळी. त्यामुळे एकच माणूस एका वेळी दोन-तीन चाली वाजवू शकतो. मात्र मेहनतही तशीच. पाश्चात्य संगीत कागदावर लिहिलेले असते. चाळीस मिनिटांची रचना, त्यात हजारो स्वर, आणि मैफलीत बहुधा पुढ्यात कागद नसतो. सारे पाठ.

इदिल अगदी लहानपणीच कानावर पडलेली चाल पट्ट्यांवर काढू लागली. अक्षरओळख व्हायच्या वयात ती बाखच्या रचना नुसत्या ऐकून वाजवायची. तिला शिकवायला मिथत फेनमेन नावाचे शिक्षक लाभले. ते स्वतः पॅरिसला शिकून आलेले होते. मुलीच्या हातात काय आहे हे त्यांनी ओळखले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष इस्मेत इनोनू हे संगीताचे शौकीन होते. मुलीची ख्याती वरपर्यंत गेली आणि तिला बाहेर पाठवावे असे ठरले.

येथेच खरी अडचण आली. परदेशी शिक्षणासाठी सरकारी खर्चाने विद्यार्थी पाठविण्याचा कायदा तुर्कस्तानात १९२९ पासून होता. पण तो शाळा-कॉलेजे पार केलेल्या तरुणांसाठी. ज्या मुलीची अजून पहिली-दुसरीसुद्धा झालेली नाही, तिला त्या नियमात कोठे बसवायचे?

वाचकहो, नोकरीमुळे माझा रोजचा संबंध नियमांच्या कागदांशी आणि जमाखर्चाशी येतो. नियमात बसत नाही म्हटले की काय होते हे तुम्हाला आणि मला सांगायला नको. अर्ज परत येतो. फार झाले तर कोणी सांगतो, "अमक्या शेठजींना भेटा, साहेबांच्या बंगल्यावर जाऊन या, त्यांच्या मनात आले तर होईल." राष्ट्राध्यक्षांच्या मनात असते तर त्यांनीही खासगीतून पैसे देऊन मुलीला पाठविले असते, आणि ती जन्मभर त्यांच्या मेहेरबानीची बांधील राहिली असती. तसे झाले नाही. नियम अपुरा पडला तेव्हा संसदेने नवा नियम केला. पैसा शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून, उघड, सर्वांच्या माहितीने खर्च झाला. मेहेरबानी देणाऱ्याच्या लहरीवर चालते. उद्या त्याचे मन फिरले की बंद. कायदा केलेल्यांची सत्ता गेली तरी कायदा राहतो. आणि झालेही तसेच. १९५० च्या निवडणुकीत इनोनू यांच्या पक्षाचा पराभव झाला, दुसरा पक्ष सत्तेवर आला. पॅरिसमधल्या मुलींचे शिक्षण चालू राहिले.

इदिल आई-वडिलांसोबत पॅरिसला गेली. तेथील सरकारी संगीत विद्यालय, ज्याला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, जगात नावाजलेले. तिची मार्गदर्शक झाली नाद्या बुलांजे ही बाई. या बाईंनी स्वतः मैफली गाजविण्यापेक्षा शिष्य घडविण्यात आयुष्य घातले. अमेरिकेचा आरन कोपलँड, अर्जेंटिनाचा पियासोला हे त्यांचेच शिष्य. आपल्या पोरांना माहीत असलेल्या मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा निर्माता क्विन्सी जोन्स, तोही त्यांच्याकडे शिकला होता. बाई शिस्तीच्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. नुसती बोटे पळवून चालायचे नाही. रचना आतून कशी बांधली आहे, एक स्वर दुसऱ्याचा हात का धरतो, हे समजल्याशिवाय पुढे जायचे नाही.

'चमत्कारी बालक' हा शब्द फसवा आहे. तुर्की भाषेतही या कायद्याला लोक 'हारिका चोजुक' म्हणजे अद्भुत मुलांचा कायदा म्हणतात. पण चमत्कार म्हटले की मेहनत झाकली जाते. परका देश, परकी भाषा, आणि पाठीमागे आपले नाव घेऊन कायदा करणारा अख्खा देश. ज्या वयात मुले पाटी फोडतात आणि रडून मोकळी होतात, त्या वयात हिला रोज तासन् तास वाद्यापुढे बसायचे होते. देणगी उपजत असली तरी ती बोटांत मुरवावी लागते.

१९५३ साली पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात तिने विल्हेल्म केम्फ या थोर जर्मन पियानोवादकाबरोबर मोझार्टची दोन पियानोंची रचना वाजविली. केम्फ तेव्हा पन्नाशी उलटलेले, ही अकरा वर्षांची. पुढे केम्फ तिचे गुरू झाले, आणि हे नाते जन्मभर टिकले. आल्फ्रेद कोर्तो या फ्रेंच वादकाकडेही ती शिकली. पंधराव्या वर्षी ती विद्यालयातून बाहेर पडली ती तीन विषयांत पहिले पारितोषिक घेऊन.

त्यानंतर मैफलींचा प्रवास सुरू झाला. युरोप, सोव्हिएत रशिया, आणि मग अमेरिका. अमेरिकेतला त्यांचा पहिला कार्यक्रम बोस्टन येथे, एरिक लाइन्सडॉर्फ यांच्या नेतृत्वाखालच्या बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ठरला होता. वाजवायची होती राखमानिनोव्हची तिसरी पियानो रचना, जी भल्याभल्यांना घाम फोडते. तारीख २२ नोव्हेंबर १९६३, वार शुक्रवार, वेळ दुपारची. आदल्याच दिवशी बाईंना बाविसावे वर्ष पूर्ण झाले होते. कार्यक्रम सुरू असतानाच डल्लासहून बातमी आली, राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. लाइन्सडॉर्फ यांनी श्रोत्यांना ती बातमी सांगितली. सभागृहातून उठलेला हुंदका त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येतो. वाद्यवृंदाने ठरलेला क्रम बाजूला ठेवून बेथोवेनच्या तिसऱ्या सिम्फनीतला शोकसंचलनाचा भाग वाजविला. नव्या देशात पहिले पाऊल टाकणाऱ्या तरुण वादिकेच्या वाट्याला असा दिवस आला.

१९७१ साली तुर्कस्तान सरकारने 'राज्य कलावंत' हा किताब सुरू केला तेव्हा तो इदिल बिरेत आणि सुना कान या दोघींनाही मिळाला. सुना कान शिकून मायदेशी परतल्या, अंकाराच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे व्हायोलिन वाजविले आणि २०२३ साली त्यांचे निधन झाले. इदिल बिरेत जगभर फिरत राहिल्या, पण देशाशी नाते तोडले नाही. १९७३ साली इस्तंबूलच्या पहिल्या संगीत महोत्सवात त्यांनी येहुदी मेन्युहिन या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकासोबत बेथोवेनच्या रचना सादर केल्या.

आता हिशेबाची बाजू. देशाने खर्च केला, मग परतफेड काय झाली?

कामाचा आवाका पाहू. बेथोवेनने फक्त पियानोसाठी लिहिलेले ३२ सोनाटे बाईंनी ध्वनिमुद्रित केले. वाद्यवृंदाबरोबरच्या ५ पियानो रचनाही केल्या. शिवाय बेथोवेनच्या ९ सिम्फनी, ज्या मुळात पियानोसाठी नाहीतच. त्या पन्नास-साठ वादकांच्या ताफ्यासाठी लिहिलेल्या. फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराने एकोणिसाव्या शतकात त्या एकट्या पियानोवर वाजवता याव्यात अशा उतरवून ठेवल्या होत्या. ज्या गावात वाद्यवृंद पोहोचत नाही तेथे एका पियानोवर तरी बेथोवेन ऐकू यावा, हा त्याचा मोठा फायदा. पण साऱ्या ताफ्याचे काम दहा बोटांनी करायचे, म्हणून फारच थोडे वादक नऊच्या नऊ वाजवायला धजतात. बाईंनी १९८०च्या दशकात त्या सगळ्या वाजवून मुद्रित केल्या.

त्याहून महत्त्वाचे काम पुढचे. शोपँ या पोलंडच्या संगीतकाराने (१८१० ते १८४९) आपले जवळजवळ सारे आयुष्य पियानोसाठी लिहिण्यात घालविले. त्याच्या एकूण एक पियानो रचना बाईंनी १९९०च्या सुमारास नॅक्सॉस या कंपनीसाठी १५ सीडींवर वाजविल्या. या कामाला १९९५ साली खुद्द शोपँच्या देशात, वॉर्सा येथे, मोठे पारितोषिक मिळाले. ब्राम्स आणि राखमानिनोव्ह यांचेही पियानोसाठीचे काम त्यांनी याच कंपनीकडे केले.

नॅक्सॉसचे नाव मुद्दाम घेतले. ही कंपनी १९८७ साली हाँगकाँगमध्ये निघाली. तोवर या संगीताची सीडी घेणे म्हणजे पैसेवाल्यांचे काम होते. बड्या कंपन्या, बडे नाव, बडी किंमत. नॅक्सॉसने तेच संगीत निम्म्याहून कमी किमतीत विकायला सुरुवात केली. तेव्हा पुष्कळ नामवंत नाक मुरडीत होते. स्वस्त ते हलके, असा समज होता. इदिल बिरेत यांच्यासारख्या वादिकेने तेथे शोपँ संपूर्ण वाजविला आणि स्वस्त माल कसदार असू शकतो हे दाखवून दिले. त्यांच्या सीडी लाखोंनी खपल्या. विद्यार्थी, शिक्षक, पगारावर जगणारी माणसे यांच्या घरी शोपँ गेला. तुर्कस्तानातल्या करदात्यांनी एका मुलीवर केलेला खर्च असा जगभरच्या सामान्य माणसांच्या खाती जमा झाला. माझ्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा नाही.

आता दुसरा प्रश्न. बाकीच्या मुलांचे काय?

इदिलचे घर शहरातले, शिकलेले. घरात पियानो होता, चांगला शिक्षक जवळ होता, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कानापर्यंत वाट होती. अनातोलियाच्या डोंगरातल्या मेंढपाळाच्या मुलीच्या बोटांत तेच बळ असते तर ते कोणाला कळले असते? कायद्यात दोनच नावे होती हे विसरून चालणार नाही. मात्र त्याच देशात तिसऱ्या नावाचा विचारही झाला. १९५६ साली आणखी एक कायदा झाला, क्रमांक ६६६०. त्यात कोणाचेच नाव नव्हते. कलेत असामान्य गती असलेल्या कोणत्याही मुलाला पारखून सरकारी खर्चाने पाठवावे, अशी त्यात सोय होती. वेर्दा एरमान, ग्युलसिन ओनाय या पुढे नावाजलेल्या पियानोवादिका याच वाटेने पॅरिसला गेल्या. दोन मुलींसाठी उघडलेल्या फटीचे दार झाले.

खेड्यातल्या मुलांसाठी तर दुसराच प्रयोग त्याआधी, १९४० सालापासून सुरू होता. त्याला 'ग्राम संस्था' म्हणत. खेड्यातली प्राथमिक शाळा झालेली मुले-मुली निवडायची, खेड्यांच्या जवळच बांधलेल्या वसतिशाळेत ठेवायची, आणि शिक्षक करून पुन्हा खेड्यात पाठवायची. अशा २१ संस्था निघाल्या. मुले स्वतः भिंती बांधीत, शेती करीत, जगातली गाजलेली पुस्तके वाचीत. प्रत्येकाला एखादे वाद्य शिकावेच लागे, बहुधा मॅन्डोलिन. आशिक वेसेल हा लोककवी या संस्थांतून फिरून साझ नावाचे तंतुवाद्य शिकवी. 'आशिक' म्हणजे तिकडचा शाहीर. वेसेल शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. या संस्थांतून सुमारे सतरा हजार शिक्षक बाहेर पडले. त्यांत मुलींची संख्या मात्र फार कमी होती.

खेड्यातली पोरे शिकू लागली, प्रश्न विचारू लागली, तशी जमीनदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या डोळ्यांत ती सलू लागली. मुले-मुली एकत्र शिकतात, डाव्या विचारांची शिकवण देतात, असे आरोप झाले. हळूहळू संस्थांचे पंख कापले आणि १९५४ साली त्या बंद झाल्या. म्हणजे पाहा, दोन मुलींचा कायदा टिकला आणि वाढला. हजारो मुलांच्या शाळा मात्र टिकल्या नाहीत. एखाद्या हुशार पोराला हात द्यायला वरचे लोक लवकर तयार होतात. सगळीच पोरे वर येऊ लागली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून इदिल बिरेत यांचे कौतुक करताना त्या बंद पडलेल्या शाळांची आठवण ठेवली पाहिजे. बाईंचे मोठेपण त्याने उणे होत नाही. उलट, संधी मिळाली तर काय होते याचा त्या पुरावा आहेत. ती संधी न मिळाल्याने किती जण गेले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

शिक्षकाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मिथत फेनमेन यांनी इदिलला घडविल्यानंतर बऱ्याच वर्षांनी अंकारातल्याच आणखी एका लहानग्याला शिकविले. १९७० साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे आजचा जगप्रसिद्ध पियानोवादक फाझिल साय. या साय यांनी १९९७ साली 'कारा टोप्राक', म्हणजे काळी माती, नावाची पियानो रचना केली. नाव घेतले आशिक वेसेलच्या गाण्यावरून. ती वाजविताना वादक एक हात पियानोच्या आत घालून तारा दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवितो. त्यामुळे पियानोतून साझसारखा आवाज निघतो. खेड्यातल्या आंधळ्या शाहिराचा सूर असा जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत पोहोचला. एका शिक्षकाचे काम कोठून कोठे जाते पाहा.

बंधू-भगिनींनो, इदिल बिरेत यांनी २०२१ साली वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली. त्यांची शंभराच्या घरातली ध्वनिमुद्रणे आज कोणालाही ऐकता येतात. सीडी नको, महाग यंत्र नको. आपल्या पोरांच्या हातातल्या मोबाईलवर त्यांचे नाव सांगा आणि शोपँचे 'नॉक्टर्न' शोधायला सांगा. नॉक्टर्न म्हणजे रात्रीची रचना. जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, वस्तीतला गलबला शांत झाला, की पाच मिनिटे ऐका. समजले नाही तरी हरकत नाही. पोटात शांत वाटले तर पुरे.

आणि घरातले मूल ताटावर चमच्याने ठेका धरील, भिंतीवर कोळशाने चित्र काढील, कोडे झटकन सोडवील, तेव्हा "गप बस" म्हणण्याआधी क्षणभर थांबा. त्याला जवळच्या चांगल्या शिक्षकाकडे घेऊन जा. फी परवडत नसेल तर सरकारी योजनेची चौकशी करा. योजना नियमात बसत नसेल तर चार पालक मिळून नियम बदलण्याची मागणी करा. कोणाच्या बंगल्यावर जाऊन हात जोडायची गरज नाही. एका देशाने सहा वर्षांच्या मुलीसाठी नियम बदलला होता आणि नंतर तो सर्वांसाठी रुंद केला होता, एवढे उदाहरण आपल्या हाताशी असू द्या. अर्जात लिहायला ते उपयोगी पडेल.